साठ मिली आणि वीस बाजूंचा फासा

‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ या व्हिडिओ गेममध्ये एक भन्नाट नियम आहे. खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवायचा, म्हणजे सेव्ह करायचा, तर तुमच्या पात्राला दारू प्यावी लागते. काळ १४०३ सालचा, मुलूख बोहेमियाचा, नायक हेन्री नावाचा लोहाराचा पोरगा. त्याच्या झोळीत ‘सेव्हियर श्नॅप्स’ची बाटली असली तर ती रिचवायची, की झालं काम. नसली तर स्वतःच्या अंथरुणावर जाऊन झोपायचं, किंवा किमयागाराच्या टेबलाशी उभं राहून श्नॅप्स आपणच बनवायची. कढईत वाइन ओता, अंगाची आग करणारी नेटलची पानं टाका, भात्यानं जाळ वाढवा, वाळूचं घड्याळ उलटं करा, बेलाडोना खलात कुटा. (होमिओपॅथीच्या साबुदाणा-गोळ्यांमुळे बेलाडोना हे नाव मराठी घरांना नवं नाही.) क्रम चुकला की सगळं वाया. आणि जपून ठेवण्याच्या हव्यासापायी बाटलीमागून बाटली संपवली तर हेन्री झिंगतो, पडद्यावरचं जग डोलायला लागतं. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओनं हा खेळ २०१८ साली आणला. खेळणाऱ्याच्या भित्रेपणावर इतका गमतीदार कर दुसऱ्या कुणी बसवल्याचं मला तरी ठाऊक नाही.

हे सगळं मी पाहिलं ते दिल्लीच्या सीमेवरच्या, हरियाणातल्या गुरुग्राममध्ये, गोल्फ कोर्स एक्स्टेन्शन रोडवरच्या एका उंच टॉवरमधल्या घरात. खेळत होती ती मूळची डोंबिवलीची. नवरा सांगलीचा. दोघंही सायबर सिटीतल्या कंपन्यांत. “काका, दोनच मिनिटं हं, याला झोपवते आणि आले,” असं ती म्हणाली तेव्हा घरात लहान मूल आहे असा माझा समज झाला होता. झोपवायचं होतं ते हेन्रीला. तोवर नवरा ओट्याशी उभा राहून जिगरनं जिन मोजत होता. जिगर म्हणजे दोन तोंडांचं धातूचं मापटं, एका बाजूला तीस मिली, दुसऱ्या बाजूला साठ. डोळ्यांच्या रेषेत धरून, काठोकाठ. इंजेक्शन भरणाऱ्या कंपाउंडरच्या चेहऱ्यावर असतं तसलं गांभीर्य त्याच्या चेहऱ्यावर होतं.

एक जण पडद्यावर काढा उकळतोय, दुसरा ओट्यावर शेकर हलवतोय. हे दोन छंद एकाच घरात सुखानं नांदताना मी नंतर या शहरात आणखीही काही ठिकाणी पाहिले आणि हा योगायोग नसावा असं वाटू लागलं. वरवर पाहता एक पोरकट, दुसरा बदनाम. आपल्याकडच्या मागच्या पिढीला तर दोन्हींचं नाव एका दमात घेतलं तरी भुवया उंचावायला ते पुरे. पण दोन्हींचा सांगाडा सारखा आहे: कृती, माप, क्रम, चुकल्यावर पुन्हा नव्यानं मांडणं. आणि दोन्हींत माणूस तासभर का होईना, ऑफिसच्या ओळखपत्रावर छापलेला राहत नाही. गुरुग्राममध्ये या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे, आणि त्यामागे या शहराचा इतिहास आहे.

आधी खेळाविषयी. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, हा प्रकार संगणकावर जन्मला नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. पेटीत सोंगट्यांचा पट नव्हता, नियमांच्या पुस्तिका होत्या. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, हातानं जुळवलेली. एकानं सूत्रधार व्हायचं, गुहा-राक्षस-गावं सांगायची. बाकीच्यांनी योद्धा, जादूगार, चोर अशी पात्रं घेऊन आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की नाही हे फासा ठरवणार, आणि त्या फाशांपैकी मुख्य फाशाला बाजू वीस. कोकणातला दशावतार ज्यानं रात्र जागून पाहिला आहे त्याला हा प्रकार एका क्षणात कळेल. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान कोणतं ते आधी ठरतं, राजा कोण, राक्षस कोण ते ठरतं. संवाद मात्र ज्यानं त्यानं उभ्या उभ्या रचायचे, आणि समोरच्यानं टाकलेला शब्द झेलायचा. फरक इतकाच की दशावतारात पेच सोडवायला फासा नसतो.

संगणकानं सूत्रधाराची जागा घेतली ती पुढच्या दहा वर्षांत. १९८१ साली ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ आले, १९८६ साली जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट’, पुढच्याच वर्षी ‘फायनल फँटसी’. तिथून ‘स्कायरिम’, ‘विचर’, ‘एल्डन रिंग’ असा लांबलचक वंशवृक्ष आहे; तो इथं मांडत बसत नाही. यातला जो खेळ गुरुग्रामच्या घराघरांत सापडला तो बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट ३’. ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ ठरला. वीस बाजूंचा फासा इथं पडद्यावर खरोखर घरंगळतो. पहारेकऱ्याला थाप मारायची, तर फासा टाका. एक पडला तर तुमचं वक्तृत्व कितीही असो, थाप पकडली गेलीच. सोबतच्या पात्रांना तुमचे निर्णय आवडतात किंवा खुपतात, आणि तसं कोपऱ्यात लिहून येतं. सुनेनं केलेल्या आमटीवर सासू काही बोलली नाही तरी घराला जे कळतं, ते इथं अक्षरांत दिसतं. दोघांनी एकाच पडद्याचे दोन भाग करून एकत्र खेळायची सोय असल्यानं नवरा-बायकोंत तो विशेष चालतो. एका घरात गोब्लिनांना मारायचं की त्यांच्याशी बोलणी करायची यावरून सुरू झालेला वाद सासरच्या माणसांपर्यंत पोचल्याचं मला हसत हसत सांगण्यात आलं.

आता शहर. ‘गुरुग्राम’ हे नाव सरकारी कागदावर २०१६ सालचं. त्याआधीचं, आणि आजही लोकांच्या तोंडी असलेलं, गुडगाव. द्रोणाचार्यांचं गाव अशी आख्यायिका, म्हणून मेट्रोचं एक स्टेशनही त्यांच्या नावाचं. मराठी वाचकासाठी एक आडवाटेची गोष्ट: हा मुलूख दौलतराव शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेला तो ३० डिसेंबर १८०३ च्या तहानं, आणि तो तह झाला आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं इथं फारसं काही घडलं नाही. डिसेंबर १९८३ मध्ये इथल्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली. डीएलएफ या बांधकाम कंपनीनं शेतजमिनी घेऊन सेक्टर पाडले. आणि १९९७ साली जनरल इलेक्ट्रिकनं इथं जीई कॅपिटल इंटरनॅशनल सर्व्हिसेस सुरू केली. प्रमोद भसीन तिचे प्रमुख. हीच पुढे जेनपॅक्ट झाली. परदेशी कंपन्यांची कामं भारतात रात्रभर जागून करण्याच्या धंद्यातल्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी ती एक.

त्या धंद्यात भूमिका करणं हे कामच होतं. रोहतकची, कानपूरची, नागपूरची पोरं संध्याकाळी टाटा सुमोत बसून यायची, हेडफोन कानाला लावायची आणि स्टीव्ह, नॅन्सी, रॉबर्ट व्हायची. उच्चार घासून घ्यायचे, टेक्सासमध्ये आज पाऊस आहे का ते पाहून ठेवायचं, शिव्या खाऊनही स्वर गोड ठेवायचा. आता पन्नाशीकडे झुकलेले एक वऱ्हाडी गृहस्थ मला भेटले. त्या काळात ते फोनवर ‘मार्क’ होते. आज मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि रात्री ‘विचर ३’ खेळतात. “तेव्हा कंपनीनं नाव दिलं होतं, संवाद कागदावर लिहून दिले होते. आता नाव मी ठेवतो आणि काय बोलायचं तेही मी ठरवतो,” असं ते म्हणाले. माझ्या मते या लेखाचा मुद्दा त्यांनी दोन वाक्यांत संपवला. पगारासाठी सोंग घ्यायला ज्या शहरानं माणसं शिकवली, त्या शहरातली माणसं हौसेखातर सोंग घेऊ लागली तर नवल कसलं? कॉल सेंटरं मागे पडली, सल्लागार कंपन्या आणि स्टार्टअप आले, पण सोमवारच्या मीटिंगमधला उत्साह हा अजूनही बहुतांशी अभिनयच आहे.

शिवाय शहरही माणसाला घरात ढकलतं. चालायला फूटपाथ नाहीत. पावसाळ्यात हिरो होंडा चौक तुंबतो. जुलै २०१६ मध्ये तिथल्या कोंडीत माणसांची रात्र रस्त्यावर गेली होती. दिवाळी झाली की हवेचा रंग बदलतो, शाळा बंद होतात, बाल्कनीची दारं बंद करून एअर प्युरिफायर लावून बसावं लागतं. अशा नोव्हेंबरात शंभर तासांचा खेळ आणि चार बाटल्यांचा घरगुती बार म्हणजे चैन कमी, सोय जास्त. अर्थात खेळणाऱ्यांचा इथला शत्रू ड्रॅगन नसून वीज आहे. मोठ्या लढाईच्या ऐन रंगात वीज जाते, सोसायटीचा जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद घेतो आणि तेवढ्यात तासाभराची मेहनत पाण्यात जाते. म्हणून इथल्या खेळाडूच्या टेबलाखाली यूपीएस असतोच.

दारूच्या बाबतीत या शहराचं नशीब कायद्यानं अनेकदा पालटलं आहे. बन्सीलालांच्या सरकारनं १ जुलै १९९६ पासून हरियाणात संपूर्ण दारूबंदी आणली. एप्रिल १९९८ मध्ये ती त्यांनाच उठवावी लागली. पुढे १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली आणि १ एप्रिल २०१७ पासून महामार्गाला खेटून असलेल्या सायबर हबमधले बार एका रात्रीत कोरडे झाले. त्याच महिन्यात केरळात परवूरच्या एका बारनं अंतर वाढवण्यासाठी दारापुढे भिंती घालून चक्रव्यूहासारखी नागमोडी वाट बांधली होती. आरपीजी बनवणाऱ्यालाही इतकं सुचलं नसतं. शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांचा वर्ग बदलण्यास हरकत नाही असं न्यायालयानं जुलैत स्पष्ट केलं. हबमध्येही पुन्हा ग्लास किणकिणले. डिसेंबर २०२१ मध्ये हरियाणानं दारू पिण्याचं वय पंचविसावरून एकवीसवर आणलं. दिल्लीत ते पंचवीसच राहिलं. त्यामुळे बावीस वर्षांचं एखादं पोरगं मेट्रोत बसून हद्द ओलांडून गेलं की कायद्याच्या दृष्टीनं मोठं होतं. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही पिण्यासाठी परवाना लागतो, हे इथल्या मराठी मंडळींना सांगितलं की त्यातले अर्धे चपापतात.

बारमागे कोण उभं राहू शकतं हेही कायदाच ठरवत होता. पंजाब अबकारी कायदा, १९१४ च्या तिसाव्या कलमानं जिथं दारू प्यायली जाते तिथं स्त्रियांना, आणि पंचविशीखालच्या पुरुषांना, कामावर ठेवायला मनाई केली होती. दिल्लीलाही तो कायदा लागू होता. ‘अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया’ या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीचं कामच काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मुंबईत तोवर शतभी बसू कित्येक वर्षं बारमागे उभ्या राहून नाव कमावून बसल्या होत्या.

या पार्श्वभूमीवर २०१२ साली गुरुग्रामच्या सेक्टर पंधरामध्ये ‘कॉकटेल्स अँड ड्रीम्स, स्पीकईझी’ हा बार उघडला. मालक यांगडुप लामा. दार्जिलिंगच्या डोंगरातला हा माणूस दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलात बारमागची उमेदवारी करून पुढे आला. पुढे मीनाक्षी सिंग यांच्यासोबत त्यांनी २०१८ साली दिल्लीत ग्रेटर कैलासमध्ये ‘साइडकार’ काढला आणि तो जगातल्या पन्नास उत्कृष्ट बारांच्या यादीत पोचला. ‘स्पीकईझी’च्या आधी गुरुग्रामात दारू म्हणजे एकीकडे ठेका (दारूचं दुकान) आणि त्याला लागून असलेला अहाता (तिथंच पिण्याचं आवार), दुसरीकडे हॉटेलची महागडी व्हिस्की. मधली जागा लामांसारख्यांनी तयार केली: बर्फाला, लिंबाला, मापाला मान देणारी. पेयामागे कोणाचं तरी डोकं आणि हात आहेत हे गिऱ्हाइकाला कळू लागलं, आणि कळलं की माणूस घरी करून पाहतोच. लॉकडाउननं उरलेलं काम केलं. बारमध्ये एका कॉकटेलचे सातशे-आठशे रुपये मोजण्यापेक्षा घरी बाटली आणावी, हा हिशेब तर मराठी माणसाला शिकवावा लागत नाही.

कॉकटेलची पहिली छापील व्याख्या १८०६ सालची, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रातली: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्क. बस्स. छत्री, चेरी, निळा रंग हे सगळं नंतरचं लटांबर. घरी शिकणाऱ्याला पहिलं गणित मिळतं ते ‘सावर’चं. साठ मिली मद्य, त्याच्या साधारण निम्म्यानं किंवा थोडं कमी आंबट, तितकंच गोड. लिंबाचा रस असेल तर शेकरमध्ये हलवायचं. नुसती मद्यंच असतील तर मोठ्या ग्लासात चमच्यानं ढवळायचं, म्हणजे ते गढूळ होत नाही. बर्फाचं काम फक्त थंड करणं नव्हे, पाणी घालणंही आहे. नीट हलवलेल्या पेयाचा चांगला मोठा हिस्सा वितळलेलं पाणीच असतं. सांगलीकराचा जीव बर्फात अडकला होता. गुरुग्रामचं बोअरवेलचं पाणी जड, म्हणून घरोघरी आरओ. पण आरओच्या पाण्याचाही बर्फ मधोमध पांढराच होतो, कारण चारी बाजूंनी गोठताना हवा आत कोंडते. कॅम्पर इंग्लिश नावाच्या एका अमेरिकन लेखकानं २००९ च्या सुमारास त्यावर तोड काढली. उघड्या तोंडाच्या उष्णतारोधक डब्यात पाणी ठेवायचं, ते फक्त वरून खाली गोठतं, हवा तळाशी ढकलली जाते आणि वरचा थर काचेसारखा निघतो. थर्मोकोलच्या डब्यात यानं ते साधलं होतं. तो तुकडा त्यानं उजेडासमोर धरून दाखवला, तेव्हा बायकोनं पडद्यावरून नजर न हटवता विचारलं, “याला किती अनुभव-गुण मिळाले रे तुला?”

जिनच्या बाजूनंही काळ अनुकूल होता. २०१७ साली ‘ग्रेटर दॅन’ आणि पाठोपाठ ‘हापुसा’, ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ या गोव्यात गाळलेल्या जिन बाजारात आल्या. हरियाणानंही मागे न राहण्याचं ठरवलं: कर्नाल जिल्ह्यातल्या इंद्री गावच्या सिंगल माल्टच्या दिवाळी आवृत्तीला २०२३ साली ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला. फेणी मात्र ‘देशी’च्या वर्गात अडकून गोव्याबाहेर मुश्किलीनंच मिळते. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारनं वारसा-पेय म्हटलं, तरी गुरुग्रामच्या दुकानदाराला नाव सांगितलं तर तो तोंडाकडे बघत राहतो. दोडामार्गकडची माणसं मार्च-एप्रिलात उर्राकमध्ये, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूत, लिंबू, मीठ, चिरलेली मिरची आणि सोड्याची बाटली ओततात; त्याला कुणी कॉकटेल म्हटलं नाही, पण आहे ते तेच, आणि अनेक महागड्या बारांतल्या पेयांहून सरस आहे. सांगलीकराच्या घरात मला सगळ्यांत आवडलं ते मालवणहून आलेल्या कोकम आगळाचं पेय. साठ मिली जिन, पंधरा मिली आगळ, वीस मिली गुळाचा पाक, वर सोडा. आगळ मुळात खारट, त्यामुळे माप चुकलं तर समुद्र प्यायल्यासारखं होतं. न पिणाऱ्यांसाठी जिनच्या जागी जिऱ्याचं पाणी घालतात, आणि खरं सांगायचं तर तेही कमी पडत नाही.

दुसरं पेय थेट खेळातून आलेलं. ‘सायबरपंक २०७७’ या पोलिश खेळात ‘आफ्टरलाइफ’ नावाचा बार आहे. भाडोत्री लढवय्यांचा अड्डा. तिथं प्रत्येक पेयाला मेलेल्या एखाद्या नामांकित लढवय्याचं नाव. यादीत नाव लागायचं तर आधी गाजून मरावं लागतं. ‘जॉनी सिल्व्हरहँड’ म्हणजे टकीलाची ओल्ड फॅशन्ड, वर बिअरचा शिडकावा आणि सजावटीला मिरची. सांगलीकरानं लवंगी मिरची लावली होती. पेय मला रुचलं नाही, बिअर मध्येच कडमडते. पण काचेचे मनोरे आणि त्यांच्यावर कंपन्यांची नावं असं दृश्य खेळातही आहे आणि खिडकीबाहेरही, हे नाकारता येणार नाही.

काही खेळांत तर पेय बनवणं हाच खेळ आहे. व्हेनेझुएलातल्या दोघा-चौघांनी २०१६ साली काढलेल्या ‘व्हॅलहल्ला’त तुम्ही जिल नावाची बारमागची मुलगी असता. घटक पाच. गिऱ्हाइकाशी काय बोलायचं याचे पर्याय मिळत नाहीत. पुढे काय घडणार ते तुम्ही त्याच्यापुढे काय ठेवता आणि त्यात मद्य किती घालता यावर ठरतं. दुःखी माणसानं गोड मागितलं पण तुम्हाला कळलं की त्याला कडू हवंय, तर कडू द्यायचं. देश डबघाईला येत असताना, वीज आणि खाणं यांची ददात असताना त्यांनी हा खेळ बनवला, आणि तो उबदार आहे. वऱ्हाडी गृहस्थांच्या ‘विचर’मध्ये तर नायकाचे सगळे काढे ध्यानाला बसलं की आपोआप पुन्हा भरतात, अट एकच, झोळीत जालीम दारू हवी.

या सगळ्या कौतुकात एक खेळ मिठाचा खडा टाकतो. एस्टोनियाच्या ‘झाउम’ या गटाचा ‘डिस्को एलिझियम’, २०१९. नायक पोलीस तपासनीस. खेळ सुरू होतो तेव्हा तो हॉटेलच्या खोलीत जमिनीवर पडलेला, इतकी प्यायलेला की स्वतःचं नावही आठवत नाही. डोक्यात चोवीस आवाज, प्रत्येक स्वभावाचा एक. त्यातला एक सतत ‘आणखी एक’ म्हणत राहतो. प्यायलं तर अंगात बळ येतं, तात्पुरतं, आणि दुसरीकडून काहीतरी वसूल होतं. दारू सोडण्याची प्रतिज्ञाही खेळाडू करू शकतो, आणि ती पाळणं खेळातही सोपं नाही. मराठी माणसाला इथं गडकरी आठवणं अटळ आहे. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीनं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं तेव्हा प्रेक्षकानं सुधाकराला बुडताना खुर्चीत बसून पाहिलं. इथं सुधाकर तुम्हीच. पेला उचलायचा की नाही हे बटण तुमच्या बोटाखाली. शंभर वर्षांत मद्यपानाविषयी याहून प्रामाणिक कलाकृती माझ्या पाहण्यात नाही, आणि ती ‘पोरांच्या खेळा’त यावी हे आपल्या समीक्षकांनी मनावर घ्यायला हरकत नाही.

कारण धोका आहेच. दारूची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. त्याच संघटनेनं २०१९ साली ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आपल्या वर्गीकरणात घेतला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत पडद्याच्या व्यसनासाठी २०१४ पासून दवाखाना चालतो. मला भेटलेल्यांपैकी बहुतेकांनी आठवड्यातला पिण्याचा वार ठरवून ठेवला होता, आणि मापट्यानं मोजणारा माणूस बाटलीनं ओतणाऱ्यापेक्षा कमी पितो असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटलं. मोजणं थांबवण्याची वेळ कधी येते ते मोजणाऱ्याला कळतंच असं नाही.

पण एक घोळ दूर करायला हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. पत्ते-रमी-पैजांच्या त्या धंद्यातल्या काही कंपन्या याच गुरुग्रामच्या. बातमी आल्यावर डोंबिवलीकरणीला आईचा फोन आला, “आता तुझं ते बंद होणार ना गं?” तिच्या त्या खेळात पैसा एकदाच जातो, विकत घेताना; ‘बाल्डर्स गेट ३’ची किंमत इथं तीन हजारांच्या आत होती. पुढचे शंभर तास कुणी खिशात हात घालत नाही. कायदाही हा फरक करतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी तो करावा.

गुरुग्रामचा या खेळांशी आणखी एक संबंध आहे, खेळणाऱ्यांनाही फारसा माहीत नसलेला. २००४ साली मानवेंद्र शुकुल यांनी इथं ‘लक्ष्य डिजिटल’ सुरू केली. परदेशी खेळांसाठी चित्रं आणि त्रिमिती वस्तू घडवण्याचं काम. २०१४ साली ती ‘कीवर्ड्स’ या आयरिश कंपनीनं घेतली. ढाली, भिंती, जोडे, पिंपं, मद्याचे चषक असलं सगळं अशा स्टुडिओंत बनतं, आणि करार असे की काय बनवलं ते घरीही सांगता येत नाही. आधी आवाज उसना दिला, मग हात.

स्वतःच्या कथा सांगणारे खेळ आपल्याकडे निघाले, पण थोडे. अरविंद यादव या तरुणाच्या पायरोडॅक्टिल गेम्सनं २०१४ साली ‘अनरेस्ट’ आणला. कल्पित प्राचीन भारत, दुष्काळानं गांजलेलं भीमरा नगर, आणि नायकांत मनाविरुद्ध ठरलेल्या लग्नाला तोंड देणारी एक खेड्यातली मुलगी. तलवारीपेक्षा बोलण्यावर भर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला. तो मारधाडीचा, पण देखणा. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या कलाकृतीच्या विभागात त्याला नामांकन होतं. नंतर त्याला हिंदी आवाजही मिळाला. मराठीत काही नाही. हेन्री, जिल, डोक्यातले चोवीस आवाज, सगळे इंग्रजीत बोलतात आणि डोंबिवली-सांगलीची ही जोडी त्यांच्यावर मराठीत भांडते.

‘डिस्को एलिझियम’चा प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्वित्झ. त्यानं २०१३ साली एस्टोनियन भाषेत कादंबरी लिहिली, तिच्या हजारभर प्रती खपल्या आणि तो खचून गेला. मित्रांनी त्याला ते जग घेऊन खेळ करायला लावलं. त्या खेळात दहा लाखांवर शब्द आहेत आणि ते जगभर वाचले गेले. हजार प्रतींची आवृत्ती काय असते हे मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एस्टोनियाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख. खेळ बनवणारे स्टुडिओ पुण्यात आहेत, खेळणारे गुरुग्रामपर्यंत पसरले आहेत. तेव्हा कादंबरीकारांनो, नाटककारांनो, पुढची संहिता प्रकाशकाकडे पाठवण्याआधी एकदा पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओचं दार वाजवून पाहा.